कॅप्टनचे तीस सेकंद

आमच्या शेजारच्या कॅप्टनची नोकरी माझ्यामुळे गेली. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण चाळीत याच्या तीन-चार निरनिराळ्या हकिकती फिरतात आणि सगळ्यांत माझी बाजू जरा बरी करून सांगितलेली असते. त्यात माझ्यावरचं प्रेम वगैरे काही नाही. मी फणसवाडीत अकरा घरांना पोळ्या पुरवत होते. मला दुखावलं तर दुपारी पाव खावा लागला असता, एवढंच.

कॅप्टन म्हणजे बोटीवरचा नव्हे, विमानाचा. तेही तिकीट काढून बसायच्या मोठ्या विमानाचा नव्हे. एका शेठजींचं स्वतःचं छोटं जेट विमान होतं, आठ माणसांचं. शेठना सकाळी दिल्लीत कुणाला तरी भेटायचं असे आणि संध्याकाळी हैदराबादला लग्नाला जायचं असे. ते सगळं वेळेवर घडवायचं काम या माणसाचं. असा माणूस आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचा, आईची जागा म्हणून. आई गेली तरी तिथंच. लग्न केलेलं नाही. मी एकदा विचारलं, "कॅप्टन, पगार बरा असेल तुमचा. दादरला नाहीतर परळला नव्या इमारतीत घर का घेत नाही?"

तर म्हणाले, "ताई, इथून विमानतळावर जायला पहाटे किती वेळ लागतो ते मला पक्कं माहीत आहे. नवीन घर घेतलं की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल."

घरातून निघायची त्यांची एक पद्धत होती. ती पाहायला गॅलरीत आम्ही दोघी-तिघी मुद्दाम उभ्या राहत असू. दाराशी बॅग ठेवून हा माणूस परत आत जायचा आणि एकेका वस्तूला हात लावून मोठ्यानं बोलायचा. "गॅस." हात लावून, "बंद." "नळ." हात लावून, "बंद." "पाकीट. खिशात. चष्मा. खिशात. दुसरा चष्मा. बॅगेत." मी मागून लाटणं हातात घेऊन ओरडायची, "डोकं?" तर मागं न बघता, अगदी गंभीरपणे उत्तर यायचं, "पाहिलं. आहे."

'बहुतेक' हा शब्द त्यांना चालत नसे. मी म्हटलं, "पाणी बहुतेक सातला येईल," की लगेच, "बहुतेक म्हणजे? कुणी सांगितलं? कुणाला विचारलं?" अशानं माणसाशी बोलणं अवघड होतं. आमच्या चाळीतलं निम्मं बोलणं 'बहुतेक'वर चालतं.

घरात भिंतीवर याद्या लावलेल्या. वीज गेली तर काय करायचं, नळ फुटला तर काय करायचं. एक यादी होती, 'पाहुणे न सांगता आले तर'. पहिली ओळ, 'हसा'. दुसरी, 'पंखा लावा'. तिसरी, 'दूध आहे का पाहा'. चौथी, 'दूध नसेल तर चहा विचारू नका, सरबत विचारा'. आम्ही हसलो खूप, पण नंतर मीही माझ्या घरी त्याच क्रमानं करू लागले. दूध न पाहता चहा विचारून मी आयुष्यात किती वेळा तोंडघशी पडले होते, ते माझं मला माहीत.

एकदा जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतून धूर यायला लागला. सगळी चाळ धावली. मी सगळ्यांच्या पुढे, हातात पाण्याची बादली. कॅप्टन वरून आले ते दोन्ही हात पाठीमागे बांधून, परीक्षेच्या वर्गात मास्तर फिरतात तसे. पेटीसमोर उभे राहिले आणि नुसते बघत बसले. मी ओरडले, "अहो, बघताय काय!" तर म्हणाले, "ताई, बादली खाली ठेवा. विजेवर पाणी टाकलंत तर आधी तुम्ही जाल." मग मेन स्विच पाडला, कुंडीतली माती टाकायला लावली, झालं. वर जाताना म्हणाले, "काही बिघडलं की हात आधी मागे घ्यायचे. डोक्याला काय ते ठरवू द्यायचं, मग हात पुढे."

तर विजेच्या आगीवर बादली घेऊन धावलेली ही बाई पुढे विमानाच्या आगीचा सराव घ्यायला बसली. कशी, ते सांगते.

विमान चालवणाऱ्यांची दर सहा महिन्यांनी परीक्षा असते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मला वाटायचं, एकदा पास झालं की झालं, माझ्या चौथीसारखं. तसं नाही. परदेशात एका इमारतीत विमानाच्या पुढच्या भागाची हुबेहूब खोली केलेली असते. ती हलते, खिडकीत खोटे ढग दिसतात. आत बसवतात आणि मागे बसलेला परीक्षक एकेक बिघाड करतो. इंजिन पेटतं, वीज जाते, चाकं खाली येत नाहीत. तिथं चुकलं तर उडायला बंदी.

त्यासाठी घरी सराव करायचा, तर समोर कुणीतरी यादी वाचायला लागतं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं हात लावून उत्तर द्यायचं. विमानातही तसंच करतात म्हणे. आई होती तोवर आई वाचायची. त्या गेल्यावर कॅप्टन थोडे दिवस एकटेच दोन्ही बाजू बोलायचे. ते ऐकून शेजारपाजारच्यांना काळजी वाटायला लागली. एका गणपतीत ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, तुमचे हात कामात असतात, पण तोंड मोकळं असतं."

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं असं मी धरून चालले.

त्यांनी सगळ्या याद्या माझ्यासाठी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून काढल्या. बदल्यात माझे बँकेचे आणि रेशनचे अर्ज ते भरून देणार. रोज सकाळी साडेआठला ते माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायचे. ओट्याच्या कडेला दोन बरण्या. लाल झाकणाची म्हणजे डाव्या इंजिनाचं आगीचं बटण, हिरव्या झाकणाची म्हणजे उजव्याचं. खाली मसाल्याच्या दोन डब्या, म्हणजे आग विझवायच्या गॅसच्या बाटल्या. लाकडी पळी म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा. मी पोळ्या लाटत म्हणायची, "आगीचा दिवा लागला. डावं."

"डावं इंजिन. नक्की?"

"नक्की."

"बघून म्हणा."

मी लाल झाकणाकडे बघायची. "डावं. नक्की."

मग पळी मागे. मग लाल झाकण दाबायचं. मग पहिली डबी. आणि मग ती ओळ यायची, 'तीस सेकंद थांबा. दिव्याकडे पाहा'.

त्या तीस सेकंदांवर कॅप्टनचा फार जीव. पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, "बाटल्या दोनच असतात, ताई. एक सोडली की आग विझायला आणि दिवा जायला वेळ लागतो. दिवा गेला तर दुसरी बाटली शिल्लक राहते. आग पुन्हा पेटली तर ती हाताशी असते. घाबरलेला माणूस दोन्ही लागोपाठ सोडतो आणि मग बसतो हात चोळत." वेळ मोजायचं काम शेजारी बसणाऱ्याचं, म्हणजे माझं. कॅप्टन हात मांडीवर ठेवून झाकणाकडे बघत बसायचे. त्यांच्या आई म्हणे जपमाळ घेऊन तीस मणी ओढायच्या. शिवाय या वेळात मीही दिव्याकडेच बघायचं, दुसरं काही करायचं नाही, असा नियम.

आता ज्यांनी पोळ्या केल्यात त्यांना सांगायला नको. तवा तापलेला, पोळी टाकलेली, आणि बाई लोणच्याच्या बरणीकडे बघत उभी. पहिल्या आठवड्यात अकरापैकी चार घरांतून निरोप आला की पोळीला डाग पडतात. माझ्या पोळीला! तीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून मी पोळी उलटायची आणि तीन-चार सेकंदांत म्हणायची, "झाले तीस." कॅप्टन लगेच, "दिवा आहे," आणि दुसरी डबी. पुढे आमची अशी लय लागली, की आरती म्हणावी तशी आम्ही ती यादी म्हणायचो. "पहिली सोडली, झाले तीस, दिवा आहे, दुसरी सोडली." मला तर ते आवडायला लागलं होतं. सून म्हणायची, "आई, तुम्ही आता विमान चालवायला हरकत नाही." मलाही तसं वाटायला लागलं होतं, हे कबूल करते.

त्यांना कळलं कसं नाही, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं पुढे. ते म्हणाले, "वेळ मोजायचं काम तुमचं होतं." इतकं सरळ. ज्याचं काम त्याच्यावर सोडायचं, ही त्यांची शिस्त होती आणि मी त्या शिस्तीत पोळ्या भाजत होते.

त्यांच्याबरोबर विमानात दुसऱ्या खुर्चीवर बसायची ती दादरची मुलगी, शर्वरी. सत्तावीस-अठ्ठावीसची, चुणचुणीत, तोंडानं फटकळ. कधीमधी कॅप्टनकडे यायची आणि जेवायला माझ्याकडे. तिच्याकडूनच मला या माणसाचं काम कळायचं. कॅप्टनना विचारलं तर काही हाती लागायचं नाही. एकदा वर आकाशात विमानातली हवा कमी व्हायला लागली होती. शेठ आणि दोन पाहुणे मागे. मी विचारलं काय झालं, तर कॅप्टन म्हणाले, "मास्क लावला. खाली आणलं. उतरवलं."

"मग?"

"मग काय. घरी यायला टॅक्सी मिळेना."

शर्वरीनं खरं सांगितलं. "मावशी, असा मोठा आवाज झाला ना, की मला वाटलं खिडकीच फुटली. आतमध्ये धुकं. मास्क खाली आले. सरांनी त्यांचा लावला आणि मला विचारलं, 'मास्क?' मी म्हटलं, 'हो सर.' तर म्हणाले, 'हो नको. दाखव.' बघते तर माझा मास्क हनुवटीवर! मी 'हो' म्हणत होते आणि मास्क हनुवटीवर. अजून थोडा वेळ गेला असता तर मी बेशुद्ध. मग सरांनी विमान असं खाली काढलं की शेठचे कान दोन दिवस दुखत होते."

"मग शेठ काय म्हणाले?"

"म्हणाले, पाहुण्यांसमोर जरा हळू आणता आलं नसतं का?"

असे ते शेठ.

होळीच्या सुमारास दोघं परीक्षेला परदेशी गेली. चार दिवसांनी परत आली. कॅप्टन वर जाताना माझ्या दारावरून गेले, थांबले नाहीत. 'ताई, चार पोळ्या' म्हणालेही नाहीत. मागोमाग शर्वरी आली आणि माझ्या स्टुलावर बसली.

"सर नापास झाले, मावशी."

"कशात?"

"आगीत. ज्याच्यात सगळ्यांत पक्के त्याच्यात. मी घड्याळ लावून बसले होते. पहिली बाटली सोडली. तीन-चार सेकंद झाले असतील नसतील, तर सर स्वतःच म्हणाले, 'झाले तीस. दिवा आहे.' आणि दुसरी सोडली. मी 'सर' म्हणेपर्यंत सोडली पण! मग परीक्षकानं थोड्या वेळानं दिवा पुन्हा लावला. आता सोडायला काय होतं आमच्याकडे? घंटा?"

मी लाटणं खाली ठेवलं. 'झाले तीस.' शर्वरीनं ते म्हणून दाखवलं तेव्हा शेवटी आवाज जरा वर न्यायची माझी पद्धतसुद्धा आली होती. माणूस माझ्या तोंडानं नापास झाला होता.

मी खरं बोलणारी बाई म्हणून चाळीत प्रसिद्ध आहे. अर्थात दुसऱ्यांबद्दल. स्वतःची वेळ आली तेव्हा मी शर्वरीला विचारलं, "चहा घेतेस?" तेही दूध न पाहता.

पुढचे आठ दिवस मी गप्प होते. मनाशी म्हणायची, इतकी वर्षं उडतोय हा माणूस, माझ्या बोलण्यानं काय होणार? दमला असेल. वय झालं. सत्तावन्न-अठ्ठावन्न म्हणजे काही लहान नाही. कॅप्टन सरावाला येईनात. मी डबा वर पाठवायची, तो निम्मा परत यायचा. शर्वरी सांगत होती की शेठनी एक संधी दिली आहे, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा परीक्षा. त्यात नापास झाले तर नोकरी संपली, आणि या वयात दुसरं कुणी घेणार नाही. मी ऐकायची आणि कणीक मळायची.

नवव्या दिवशी ती आली ती रडवेली होऊन. "मावशी, सर परीक्षा देणारच नाहीयेत. मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले काही नाही. सरांना पटत नाही. म्हणतात, मला चार सेकंद तीस वाटले, म्हणजे माझं डोकं गेलंय. उद्या राजीनामा देणार आहेत."

मग मात्र मी गॅस बंद केला आणि वर गेले. कॅप्टन टेबलाशी बसले होते. समोर घड्याळ. डोळे मिटून वेळ मोजत होते आणि उघडून पाहत होते. कागदावर आकडे लिहिलेले, एकोणतीस, एकतीस, तीस, तीस. एकदाही चुकले नव्हते आणि त्यामुळेच जास्त घाबरलेले दिसत होते.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. "कॅप्टन, डोकं तुमचं शाबूत आहे. तीस सेकंद मी कधी मोजलेच नाहीत. पोळी जळायची म्हणून मी तीन-चार सेकंदांत 'झाले तीस' म्हणायची."

त्यांनी डोळे वर केले. "कधीपासून?"

"गणपतीनंतर आठवड्यापासून."

"रोज?"

"रोज."

"एकदाही पूर्ण मोजले नाहीत?"

"एकदा मोजले होते. त्या दिवशी गॅस संपला होता."

मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. ओरडायलाच हवं होतं. कॅप्टननी घड्याळ उचलून मनगटावर बांधलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा घरभर शोधून चष्मा कपाळावर सापडलेल्या माणसाचा होतो. "म्हणजे चूक सापडली," ते म्हणाले. "ताई, चूक सापडली! मी नको तिथं शोधत होतो." मग यादी काढली आणि सगळ्यांत वर लाल शाईनं एक नवी ओळ लिहिली, 'तवा गॅसवरून खाली'. मला दाखवली. "वाचा." मी वाचली. शाळेत चूक लिहून घेतात तसं वाटलं आणि ते योग्यच होतं.

पुन्हा परीक्षेला बसण्याआधी कंपनीच्या कागदावर नापास व्हायचं कारण लिहून द्यावं लागायचं. मी म्हटलं, "ताप लिहा. सगळे ताप लिहितात. मी मुलाच्या शाळेत दहा वर्षं ताप लिहीत होते."

"मला ताप नव्हता, ताई."

"अहो, नव्हता ते कोण बघायला आलं होतं?"

"मी होतो ना तिथे."

आणि लिहिलं ते असं, की घरी सराव करताना शेजारीण वेळ मोजत असे, तिनं वेळ पूर्ण मोजला नाही, मी घड्याळ पाहिलं नाही, जबाबदारी माझी. मला वाचून दाखवलं. माझं नाव घातलं नव्हतं.

मग पंधरा दिवस आम्ही पुन्हा सराव केला. तवा खाली, हात मांडीवर, नजर झाकणावर. मी आयुष्यात पहिल्यांदा तीस सेकंद काही न करता बसले. भलतेच लांब असतात. त्यात तीनशे गोष्टी आठवतात. बाळंतपणात कळा सोसताना एवढा वेळ वाटला नव्हता. अकरा घरांना पोळ्या उशिरा गेल्या आणि त्यातल्या दोन घरांनी मला सोडलं. सोडू दे म्हटलं.

कॅप्टन गेले आणि पास होऊन आले. शर्वरीनं विमानतळावरूनच फोन केला, "मावशी, सर तीस सेकंद असे बसले होते, की परीक्षकाला वाटलं झोपले!" मी चाळीत साखर वाटली. इथं थांबले असते तर बरं झालं असतं.

पण शर्वरी चार दिवसांनी म्हणाली की सरांना अजून उड्डाण दिलेलं नाही. तो कारणाचा कागद मॅनेजरच्या टेबलावर आहे. शेठ विचारतात, ही शेजारीण कोण? झालं. हे ऐकलं आणि माझ्या मनानं घेतलं, की आपण स्वतः जाऊन सांगावं. चूक माझी, मी सांगितलं की मिटलं. कॅप्टनना विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. ठेवणीतली साडी नेसले, वीस पोळ्या आणि बटाट्याची भाजी स्टीलच्या डब्यात भरली आणि बसनं वरळीला शेठच्या ऑफिसात गेले.

खाली वॉचमननं विचारलं, "कॅन्टीनचं सामान का?" मी म्हटलं, "विमानाचं काम आहे." त्यानं मला दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. शेवटी वर नेलं. मॅनेजर मराठीच निघाले, चांगले गृहस्थ. पाणी दिलं.

मी म्हटलं, "कागदात लिहिलेली ती शेजारीण मी. कॅप्टनचा काही दोष नाही. वेळ मी मोजला नाही."

मॅनेजर गोंधळले. "तुम्ही? म्हणजे तुम्ही आधी विमान कंपनीत वगैरे?"

"छे हो."

"आम्हाला वाटलं, एअरफोर्समधून रिटायर झालेल्या कुणी बाई असतील. कॅप्टनसाहेब सराव घेतात म्हणजे..." ते थांबले. "तुमचं शिक्षण?"

"चौथी पास."

"आणि काम?"

"पोळ्या," मी म्हटलं आणि डबा पुढे सरकवला. त्यांनी एक पोळी खाल्ली. शांतपणे, पूर्ण खाल्ली. मग म्हणाले, "मावशी, पोळी फार छान आहे." मला वाटलं, काम झालं. मी आनंदानं घरी आले. डबा तिथंच विसरले.

दोन दिवसांनी सकाळी कॅप्टन माझ्या दारात आले. हातात माझा डबा. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. झाकणावर माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव कोरलेलं, शेजारी लग्नाची तारीख.

"हा तुमचा," त्यांनी डबा ओट्यावर ठेवला.

"हो."

"धुऊन दिलाय त्यांनी."

"मग? काय म्हणाले?"

"शेठना तरुण कॅप्टन हवा आहे."

तव्यावर पोळी होती. ती तशीच राहिली. "म्हणजे मी गेले म्हणून?"

कॅप्टन खुर्चीवर बसले. "शेठच्या मनात काय होतं ते मला दिसलेलं नाही. जे दिसलं नाही त्यावर मी बोलत नाही."

"पण मी गेले नसते तर?"

"ताई, पोळी."

ती जळून काळी झाली होती. मी ती चिमट्यानं उचलून फेकली आणि मग मला राग आला, कारण हा माणूस रागावत नव्हता. मी म्हटलं, "कॅप्टन, मी तुम्हाला दोनदा बुडवलं. एकदा खोटं बोलून आणि एकदा खरं बोलून. शिव्या द्या, म्हणजे मी मोकळी होईन."

"येत नाहीत हो," ते म्हणाले. "याद्या येतात. चार पोळ्या द्या."

त्यांना पुन्हा विमान मिळालं नाही. लायसन्स होतं, परीक्षा पास होती, पण ही गोष्ट त्या लोकांत फिरली होती आणि पोळीवालीबरोबर सराव करणारा कॅप्टन कुणालाच नको होता. काही महिने ते गॅलरीत बसून असायचे, आकाशात विमान गेलं की वर बघायचे नाहीत. मग भायखळ्याला वैमानिकांच्या परीक्षांचे वर्ग चालतात तिथं शिकवायला लागले. पुढे आमची चाळ पाडायला घेतली, सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. ते पुण्याकडे गेले, तिथं वैमानिकांच्या मोठ्या शाळेत मुलामुलींना बिघाड कसे हाताळायचे ते शिकवतात. मी परळला मुलाकडे असते. पोळ्या आता फक्त घरच्या करते.

शर्वरी स्वतः कॅप्टन झाली. परवा परळला आली होती, माझ्या हातच्या पाच पोळ्या खाल्ल्या. म्हणाली, "मावशी, सर दर वर्गात तुमची गोष्ट सांगतात. नाव नाही घेत. मी स्वतः ऐकली मागच्या महिन्यात. एका मुलानं विचारलं, सर, त्या बाईंचा राग नाही आला? सर म्हणाले, त्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी येऊन चूक सांगितली. मी मात्र सहा महिने घड्याळ पाहिलं नव्हतं."

"दुसऱ्याच दिवशी?" मी विचारलं.

"हो. अगदी जोर देऊन म्हणाले. दुसऱ्याच दिवशी."

मी नवव्या दिवशी गेले होते. हे कॅप्टनना माहीत आहे. तारखेला आणि वेळेला तो माणूस चुकत नाही. ज्यानं नोकरी जात असताना कागदावर खोटा ताप लिहिला नाही, तो माझ्यासाठी भर वर्गात आठ दिवस खातो. म्हणजे माझ्या संगतीत तेवढं एक शिकलाच.

शर्वरीला मी खरं सांगणार होते. तोंडावर आलं होतं. मग तिचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, "बरोबर सांगतात ते. अजून एक पोळी घे."